नोकरीसाठी तुम्ही केलेला सर्वांत लांबचा प्रवास कोणता? तो कसा होता?

सोलापूर ते कॅम्पबेल बे, म्हणजे अंदमान-निकोबारमधलं ग्रेट निकोबार बेट. 2004 च्या त्सुनामीत घरं गेलेल्या लोकांसाठी तिथे पक्की घरं बांधायचं काम चालू होतं. एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून मी 2008 मध्ये गेलो.

रात्रीच्या मेलने चेन्नई गाठली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणतात, पण माझ्या तोंडात जुनंच नाव बसलंय) जहाजाने साधारण तीन दिवस लागतात. आमची तिकिटं बंक क्लासची. खाली एकावर एक लोखंडी बंक, डिझेलचा वास आणि पंख्याची घरघर. आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी इथे कामाला आली. कॅन्टीनमधला भात-सांबार पोटात ठरत नव्हता, पण कोरडी भाकरी चघळली की मळमळ कमी व्हायची. सोबतच्या बंगाली सुताराने दोन दिवसांत निम्मी चटणी संपवली.

लोक विचारतात, समुद्राची भीती वाटली का? खरं सांगायचं तर समुद्रापेक्षा वाट बघण्याने जास्त दमलो. पोर्ट ब्लेअरहून कॅम्पबेल बे आणखी पाचशे किलोमीटरच्या पुढे. तिकडचं जहाज कधी सुटणार हे आदल्या दोन-तीन दिवसांतच कळायचं, तेही हवामान बरं असलं तर. रोज सकाळी तिकीट खिडकीपाशी जायचं, फळ्यावरची यादी बघायची आणि लॉजवर परतायचं. निकोबारसाठी पास लागतो, त्याचे कागदही त्याच दिवसांत फिरत होते. हेलिकॉप्टर होतं, पण त्यात आधी जागा आजारी माणसांना, आणि ते योग्यच आहे.

अखेर जहाज लागलं. लिटल अंदमान मागे पडलं की टेन डिग्री चॅनल येतो. कार निकोबारपर्यंत जवळपास दीडशे किलोमीटर उघडं पाणी. तिथे जहाज असं डोलायला लागलं की गप्पा मारणारे सगळे आडवे झाले. वाटेतल्या बेटांवर तांदळाची पोती, कोंबड्या, पत्रे, गॅस सिलिंडर उतरायचे. नारळ आणि माणसं चढायची. कामोर्ता बेटापाशी नानकौरी बंदरात शिरलो आणि पाणी एकदम शांत. दोन्हीकडे बेटं असल्यामुळे तिथे लाट येतच नाही. सगळे उठून चहा प्यायला लागले.

कॅम्पबेल बेच्या जेट्टीवर उतरलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि ऊन कलत आलेलं. भारतीय वेळ तीच, पण बेट इतकं पूर्वेला की साडेपाचच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. आमच्या कामाची वेळ म्हणूनच पहाटेपासून. पाऊस मात्र सोलापूरच्या माणसाला वेड लावणारा. स्लॅबचा दिवस ठरवायचा आणि आभाळाने तो मोडायचा, हे नेहमीचं.

सगळ्यात अनपेक्षित गोष्ट म्हणजे तिथे मराठी ऐकू आलं. 1969 पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबं या बेटावर वसवली, त्यात पंजाबी, तमिळ, मल्याळी यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही होती. साताऱ्याकडचे एक काका साइटवर यायचे. त्यांची किनाऱ्यालगतची बाग पाण्यात गेली होती. जमीनच खचली; दक्षिण टोकाला इंदिरा पॉइंटचं दीपगृह तेव्हापासून पाण्यात उभं आहे. काका नुकसानीबद्दल फार बोलत नसत. सळई किती एमएमची, कोपऱ्यात नट नीट आवळलेत का, हे मात्र हात लावून तपासत. ‘‘बाबा, मेनलँडवाले बांधून निघून जातात, राहायचं आम्हाला,’’ असं म्हणाले होते. त्यानंतर मीही नट स्वतः तपासायला लागलो.

इंडोनेशियाचं सुमात्रा बेट तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवर आणि चेन्नई दीड हजाराच्या पुढे, त्यामुळे सिमेंटचं जहाज चुकलं की काम बसायचं. कांदा संपला की मग सगळं बेट बिनकांद्याचं जेवायचं.

कुणी कामासाठी निघणार असाल तर परतीच्या तारखेचा शब्द घरी देऊ नका. गोळ्या-औषधं ठरल्यापेक्षा महिनाभराची जास्त न्या, रोख पैसे जवळ ठेवा आणि कडक भाकरी भरपूर घ्या.