दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढणाऱ्याने खिशात मावेल अशी ई-सिगारेट कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून मँचेस्टरला आलात, दिवसाला चार-पाच सिगारेटी होतात, त्या सोडून एखादी लहानशी व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) घ्यायची आहे, पण दुकानातली भिंतभर रंगीत खोकी बघून काहीच न घेता बाहेर पडलात. डिसेंबरात घरी जायचंय, तेव्हा ती बरोबर नेता येईल का, असंही विचारलंय, आणि व्हेपने फुप्फुसं बिघडतात असं ऐकल्याचंही लिहिलंय. मी नऊ वर्षं लीड्सला आहे आणि याच वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्हालाच एक प्रश्न. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? इथल्या धूम्रपान सोडवणाऱ्या सेवेतल्या बाईंनी मला पहिल्या भेटीत आधी हेच विचारलं होतं, दिवसाला किती हे नंतर. उठल्यापासून अर्ध्या तासात हात पाकिटाकडे जात असेल, तर आकडा चारचा असला तरी शरीर निकोटीन मागतंय. पण दुपारच्या जेवणापर्यंत आठवणसुद्धा येत नसेल, तर तुमची सिगारेट बरीचशी प्रसंगाची आहे: चहानंतरची, फोनवर बोलतानाची, ऑफिसातून पाच मिनिटं सुटण्याची. अशा माणसाला व्हेप लागतेच असं नाही. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम त्या चार वेळा निभावून नेतो, आणि तो इथे कुठल्याही फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतो. मला हे कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

"चारच तर ओढतो" हे मीही म्हणायचो. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी बरेच जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की, दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका हा वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. हे वाचून मी हादरलो होतो. याचा व्हेपशी संबंध असा, की "दोन सिगारेटी ठेवतो आणि बाकीच्या जागी व्हेप ओढतो" हा हिशेब हृदयाच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. व्हेप घ्यायची तर सिगारेट पूर्ण थांबवण्यासाठी घ्या. आणि हे वाचणाऱ्या ज्या कुणी कधी सिगारेट ओढलेलीच नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर नाही. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, म्हणणंही तेच आहे: धूम्रपानापेक्षा व्हेप बरीच कमी हानिकारक, पण निर्धोक नाही, आणि न ओढणाऱ्यांनी हात लावू नये.

तुमच्या लक्षात आलं असेल की इथे आल्यावर सिगारेटी वाढल्या. पुण्यात टपरीवर सुटी सिगारेट घ्यायची सवय असते. (महाराष्ट्रात सुट्या विक्रीवर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी सवय तीच.) प्रत्येक वेळी टपरीपर्यंत चालत जावं लागायचं, तोच एक लगाम होता. इथे सुटी मिळत नाही, आणि दहाचं पाकीटसुद्धा २०१७ च्या मे महिन्यापासून बंद झालं. वीसचं पाकीट घरात येतं आणि हाताशी राहतं. मी तीनवरून सातवर गेलो तो असाच.

व्हेपचंही नेमकं हेच दुखणं आहे, आणि थोडी ओढणाऱ्याने ती निवडताना सगळ्यात जास्त विचार याचाच करायला हवा. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. थोटूक विझवलं की आपण आत येतो. व्हेपला थोटूक नसतं. ती घरात ओढता येते, वास राहत नाही, थंडीत बाहेर जावं लागत नाही. दिवसाला वीस ओढणारा माणूस व्हेपवर आला तर तो होता तिथेच किंवा त्याच्या खाली राहतो. चार ओढणारा मात्र नकळत पूर्वीपेक्षा जास्त निकोटीन घ्यायला लागू शकतो.

माझं तसंच झालं. २०२२ मध्ये मी एक डिस्पोजेबल, म्हणजे संपली की फेकून द्यायची व्हेप घेतली, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीनची, फळाच्या चवीची. सिगारेट आठवड्याभरात सुटली आणि मी घरी आईला फोन करून सांगितलं. पहिली व्हेप सात दिवस पुरली होती, दोन महिन्यांनी एक जेमतेम दोन दिवस पुरायची. एका रात्री तीन वाजता जाग आली आणि माझा हात उशीखाली तीच शोधत होता. सिगारेटसाठी मी आयुष्यात कधी रात्री उठलो नव्हतो.

डिस्पोजेबल आता नाहीतच. १ जून २०२५ पासून संपूर्ण ब्रिटनमध्ये त्यांची विक्री बंद आहे. पण त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या, चार्ज होणाऱ्या आणि तयार भरलेले पॉड (निकोटीनच्या लिक्विडच्या छोट्या कुप्या) लावायच्या व्हेप त्याच फळीवर आहेत. तुमच्यासाठी त्याही नकोत. त्यांच्या पॉडमध्ये बहुतेकदा २० मिलिग्रॅमच असतं, म्हणजे कायद्याने परवानगी असलेली कमाल मात्रा. ती दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्यासाठी ठीक आहे.

घ्यायची ती स्वतः लिक्विड भरता येणारी पॉड व्हेप. बोटभर लांबीची, कॉलेजात पेनड्राइव्ह असायचा त्याहून थोडी मोठी. दुकानात एवढंच म्हणा की "माउथ टू लंग" पॉड किट दाखवा. म्हणजे धूर आधी तोंडात घेऊन मग छातीत ओढायचा, सिगारेटसारखा. ढगासारखा धूर सोडणारी मोठी यंत्रं थेट छातीत ओढण्यासाठी असतात, ती आपल्या कामाची नाहीत. कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, ०.८ ते १.२ ओहमच्या दरम्यान असावी, कारण रोध जास्त तेवढी उष्णता कमी, लिक्विड कमी लागतं आणि बॅटरी जास्त टिकते. हवेचा झरोका कमी-जास्त करता येत असेल तर उत्तम, घट्ट ठेवला की झुरका सिगारेटसारखा लागतो. बॅटरीचा आकडा विकणारे फार सांगतात, पण तुमच्या वापराला ५०० एमएएचसुद्धा दिवसभर पुरून उरेल. कॅलिबर्न आणि एक्सरॉस ही दोन नावं कुठल्याही दुकानात ऐकू येतील, दोन्ही याच जातीच्या आहेत. मी एक्सरॉस वापरली. त्याआधी घेतलेली एक स्वस्तातली गळायची आणि खिशाला डाग पाडायची, म्हणून पॉड घट्ट बसतो ना, हे काउंटरवरच काढून-घालून बघा. किट साधारण १५ ते २५ पौंडांत येतं.

यंत्रापेक्षा लिक्विड महत्त्वाचं, आणि इथे घाई करू नका. लिक्विड दोन प्रकारचं असतं, निकोटीन सॉल्ट आणि साधं, ज्याला दुकानात फ्रीबेस म्हणतात. सॉल्टमध्ये आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे जास्त मात्रासुद्धा घशाला मऊ लागते. हा मऊपणाच आपल्यासारख्याला महागात पडतो, कारण किती ओढलं ते घसा सांगतच नाही. फ्रीबेस ६ मिलिग्रॅमचं घेतलं तर झुरका घशाला लागतो, सिगारेटसारखा ठसका जाणवतो, आणि आठ-दहा झुरक्यांत आपोआप पुरे वाटतं. माझ्या मते तुमच्यासाठी हेच. दुकानदार सॉल्टच घ्या म्हणेल. घ्यायचंच तर १० चं घ्या, २० चं नको. डोकं गरगरलं, मळमळलं, उचकी लागली किंवा छातीत धडधडलं तर मात्रा जास्त होतेय, तिथेच थांबा. बाटलीवर व्हीजी आणि पीजी, म्हणजे दाट ग्लिसरीन आणि पातळ प्रॉपिलीन ग्लायकॉल, यांचं ५०/५० असं प्रमाण बघा. ७० टक्के व्हीजीचं दाट लिक्विड या छोट्या कॉइलमध्ये नीट मुरत नाही आणि कापूस जळतो. एकदा जळका झुरका घेतलात की ती चव जाता जात नाही, कॉइलच बदलावी लागते. नवा पॉड भरल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा, मगच ओढा. झुरका सावकाश घ्या, तीन-चार सेकंद. सिगारेटसारखा झटकन ओढलात तर हाती काही लागत नाही, आणि माणूस म्हणतो की मला जास्त मात्रेचं हवं. पहिले दोन-तीन दिवस घसा कोरडा पडून खोकला येईल, पाणी पीत राहा.

फुप्फुसांबद्दल तुम्ही जे ऐकलंय, ते बहुधा २०१९ सालचं अमेरिकेतलं असावं. तिथे २,८०० हून अधिक लोक इस्पितळात गेले आणि ६८ दगावले. त्याचं मुख्य कारण गांजाच्या बेकायदा कार्ट्रिजमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे निघालं. ब्रिटनमध्ये निकोटीन असलेल्या प्रत्येक व्हेप आणि लिक्विडची नोंद औषध नियामकाकडे म्हणजे एमएचआरएकडे करावी लागते. निकोटीन २० मिलिग्रॅमच्या वर नाही, टाकी २ मिलिलिटरच्या वर नाही, बाटली १० मिलिलिटरच्या वर नाही. त्यामुळे मोबाइलच्या दुकानात किंवा पेट्रोलपंपाजवळच्या टपरीवजा दुकानात एकच भलीमोठी टाकी असलेली हजारो झुरक्यांची व्हेप दिसली तर ती बाहेरून चोरून आलेली समजा. दोन पौंड वाचतात म्हणून तिला हात लावू नका.

आता ती वापरायची कशी. उशीखाली व्हेप शोधली त्या रात्रीनंतर मी सेवेतल्या बाईंकडे परत गेलो. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "सिगारेट ओढायला तुम्ही कुठे उभे राहायचात?" मी म्हटलं, इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी. "मग व्हेपसुद्धा तिथेच जाऊन ओढा," त्या म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्याने माझं गणित बदललं. व्हेप कोटाच्या खिशात राहू लागली आणि कोट दाराशी. घरात नाही, गाडीत नाही, टेबलावर नाही. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दहा झुरके, मोजून. पावसात छत्री घेऊन उभा राहिलोय मी. सात मिलिलिटरवर गेलेला आठवड्याचा वापर तीन आठवड्यांत निम्म्यावर आला. पुढे पॉड व्हेपवर ६ वरून ३ आणि ३ वरून शून्य मिलिग्रॅम, प्रत्येक पायरीवर दोन-अडीच महिने. शून्यावर आल्यावर पंधरवड्यात व्हेप खणातच राहिली.

उतरण्याचा हा बेत घेतानाच ठरवा. एका मोठ्या इंग्लिश चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ८८६ जणांपैकी काहींना व्हेप दिली होती, काहींना गम आणि पट्ट्या. वर्षानंतर व्हेपवाल्यांतल्या १८ टक्क्यांची सिगारेट सुटली होती, गम-पट्टीवाल्यांतल्या ९.९ टक्क्यांची. व्हेप खरोखर कामाची आहे, यात मला शंका नाही. पण तिने ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते, आणि गम-पट्टीवाल्यांतले फक्त ९ टक्के अजून गम किंवा पट्टी वापरत होते. पाकीटभर ओढणाऱ्याला हा सौदा परवडतो. तुमच्या चार सिगारेटींसाठी तो महाग आहे.

विकत घेण्याआधी तुमच्या कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) धूम्रपान सोडवणाऱ्या सेवेला एक फोन करा. स्टार्टर किट फुकट मिळतं का ते विचारा, २०२३ मध्ये सरकारने तशी योजनाच जाहीर केली होती. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्रही असतं त्यांच्याकडे. सिगारेट थांबवल्यावर तो आकडा दोन-तीन दिवसांत खाली आलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळतो. व्हेपमध्ये काही जळत नसल्याने तिने तो वाढत नाही.

राहिला डिसेंबर. व्हेप नेऊ नका. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशापासून आणि त्याच वर्षीच्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठा सगळ्यावर बंदी आहे. आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "स्वतःपुरती आहे" हे विमानतळावर समजावत बसायची वेळ आणू नका. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर तिथेही बंदीच आहे. जायच्या पंधरा दिवस आधी गम चघळायची सवय करा. तो साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जीभ झिणझिणली की गालाशी दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा. नाहीतर सगळं निकोटीन पोटात जातं आणि नुसती जळजळ होते. आणि गम तोंडात टाकण्याआधी पंधरा मिनिटं व तो चघळताना चहा-कॉफी काही प्यायचं नाही, तोंडात आम्लता असली की तो लागू पडत नाही.

चहाचं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या सुट्टीत मी नाशिकला मित्रांबरोबर टपरीवर कटिंग घेत गम चघळत होतो, काहीच होईना, आणि चौथ्या दिवशी दोन सिगारेटी ओढल्या. पुढच्या खेपेला घरून निघतानाच गम तोंडात टाकला, अर्ध्या तासाने टपरीवर पोचल्यावर थुंकून दिला आणि मग चहा मागवला. मित्र ओढत होते. मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहून दोन ग्लास चहा प्यायलो.