सुरांची विचारपूस : मधले आवाज ऐका

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात पणजीला भाचीकडे गेले होते, तेव्हा तिने आम्हां दोघांना पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीला नेलं. मध्यंतरापर्यंत चौघांनी हायडनचं काहीतरी वाजवलं. दोन व्हायोलिन, एक त्याहून जरा मोठं आणि एक गुडघ्यांत धरून वाजवायचं. नंतर पाहुणे पियानोवादक आले आणि पाचांनी मिळून शूमन वाजवला. ना माईक, ना निवेदन, ना समोर काठी घेऊन कुणी उभं. मी मध्येच टाळ्या वाजवल्या तर पुढच्या रांगेतल्या बाई वळून बघायला लागल्या. बाहेर पडताना आमचे हे म्हणाले, ‘आवाज बरो होतो, पण माका काय एक कळला नाय.’ पुन्हा जायची इच्छा मात्र दोघांनाही आहे. नक्की काय ऐकायचं, सांगाल का? पत्रिकेचा फोटो जोडला आहे.
(निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ला)

उत्तर : फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. अठराव्या शतकातल्या या संगीतकाराने, हायडनने, साठाहून जास्त क्वार्टेट, म्हणजे चौघांनी वाजवायच्या रचना, लिहिली, त्यातलं तुम्ही कुठलं ऐकलंत ते नाहीतर मला कळलं नसतं.

टाळ्यांचं आधी सांगते. आजचा रिवाज असा की रचनेचे तीन-चार भाग असले तरी टाळ्या शेवटच्या भागानंतरच द्यायच्या. पण हायडन-मोझार्टच्या काळात हे असं नव्हतं. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाची रचना, चालू असतानाच एका जागेवर लोकांनी टाळ्या दिल्याचं मोठ्या आनंदाने कळवलं आहे. जागेवर दाद द्यायची सवय असलेल्या आपल्या माणसांना त्याचा आनंद लगेच समजेल. तेव्हा त्या बाईंचं मनावर घेऊ नका. वाजवणारे उठून उभे राहिले की मनसोक्त टाळ्या द्या.

आता ऐकण्याविषयी. भजन, नाट्यपद, ख्याल ऐकून ऐकून आपला कान एका मुख्य आवाजामागे जायला सरावलेला असतो, बाकीचे साथीला. क्वार्टेटमध्ये तसं पहिल्या व्हायोलिनच्याच मागे गेलात तर निम्मं संगीत निसटतं. मी स्वतः व्हायोला वाजवते, ते ‘जरा मोठं’ वाद्य, आणि त्या खुर्चीत बसून जे ऐकलं त्याच्या बळावर सांगते : मधले आवाज ऐका.

तुमच्या पत्रिकेत हायडनच्या ओपस ७६ (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक) मधलं तिसरं क्वार्टेट आहे. यूट्यूबवर त्याचा दुसरा भाग लावा. त्यातली चाल हायडनने १७९७ मध्ये सम्राट फ्रान्झसाठी बांधली होती. आज तीच जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. या भागात ती पाच वेळा येते आणि पाचही वेळा जवळपास जशीच्या तशी. बदलतं ते तिच्या भोवतीचं. आधी पहिलं व्हायोलिन ती सांगतं. मग दुसरं व्हायोलिन ती घेतं, पहिलं तिच्याभोवती भराभर बारीक नक्षी काढत राहतं आणि उरलेले दोघं वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसतात. तिसऱ्यांदा चाल चेलोकडे, म्हणजे गुडघ्यांत धरायच्या त्या वाद्याकडे, जाते, चौथ्यांदा व्हायोलाकडे. शेवटी ती परत पहिल्या व्हायोलिनकडे येते, पण तोवर खालचे सूर इतके दाट झालेले असतात की तीच चाल वेगळी भासते. एकदा नुसती चाल ऐका. दुसऱ्यांदा ज्याच्याकडे चाल नाही अशा एकालाच धरून ठेवा, शक्यतो व्हायोलाला. यजमानांनाही बसवा शेजारी. त्यांना काही कळलं नाही असं मला वाटत नाही. आवाज बरा होता हे त्यांच्या कानाने टिपलंच आहे.

काठीवाला नसतो, कारण चौघांना त्याची गरज पडत नाही. सुरुवात करणारा किंचित श्वास ओढतो, गज उचलतो, आणि बाकीचे त्या श्वासावर उतरतात. पुढच्या रांगेत बसलात तर तो श्वास चक्क ऐकू येतो. मूळचं हे घरातल्या दालनात वाजवायचं संगीत आहे, म्हणून मला छोट्या सभागृहात माईक नकोच वाटतो. माईक लावला की चार दिशांचे चार आवाज एकाच खोक्यातून यायला लागतात, मग संवाद कुणाचा कुणाशी चाललाय तेच कळत नाही.

शूमनचं क्विंटेट, म्हणजे पाचांची रचना, १८४२ मधलं. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पियानो हा मेळ त्याच रचनेमुळे रूढ झाला. शूबर्टच्या १८१९ च्या प्रसिद्ध क्विंटेटमध्ये पियानो आहे, पण दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी डबल बास, म्हणजे चेलोहूनही मोठं खर्जाचं वाद्य, आहे. शूमनने ही रचना पत्नी क्लाराला अर्पण केली. ती स्वतः युरोपातली अव्वल पियानोवादक. घरगुती मैफलीत तीच वाजवणार होती, पण आजारी पडली आणि ऐन वेळी त्यांचा संगीतकार मित्र मेंडेल्सन याने समोर कागद ठेवून तो सगळा कठीण भाग वाजवून दिला. पहिल्या भागात सुरुवातीचा जोश ओसरला की चेलो एक लांब, मायाळू वाक्य बोलतो आणि व्हायोला त्याला उत्तर देते. ती जागा चुकवू नका. दुसरा भाग अंत्ययात्रेच्या चालीचा. तिसऱ्यात नुसत्या चढत्या-उतरत्या स्वरावली धावतात. आणि चौथ्याच्या शेवटी पहिल्या भागाची ओळ परत येऊन चौथ्याच्या ओळीत गुंफली जाते. दोन्ही ओळी एकाच वेळी ऐकू येतात, आणि इतक्या वर्षांनंतरही तिथे माझा ऊर भरून येतो.

प्रश्न : मी पेटी शिकवतो. आमचे गुरुजी म्हणायचे, पेटीचे सूर ठोकळ आहेत, गळ्याशी नीट मिळत नाहीत. पियानोही तसाच बांधलेल्या सुरांचा. मग बिनपडद्याच्या वाद्यांचे चौघे त्याच्याबरोबर बेसूर कसे होत नाहीत?
(हार्मोनियम शिक्षक, देवगड)

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न क्वार्टेटमधल्या माणसांनाही रोज छळतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट मानतात. तानपुरा छान लागला की त्यातून जो गंधार आपोआप उमटतो, त्यापेक्षा पियानोचा आणि तुमच्या पेटीचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा. चौघेच वाजवत असतात तेव्हा ज्याच्या वाट्याला गंधार आला असेल तो बोट किंचित मागे घेऊन तो उतरवतो, आणि चौघांचा सूर एकदम उजळतो. तो क्षण तुमच्यासारख्या कानाला नक्की पकडता येईल.

पियानो आला की हे स्वातंत्र्य आखडतं. पाहुण्याला आपला सूर हलवता येत नाही, म्हणून यजमानांनाच हलावं लागतं. पियानोवरून ‘ए’ हा स्वर घ्यायचा (पाश्चात्त्य स्वरांना अशी इंग्रजी अक्षरांची नावं असतात), आणि व्हायोला-चेलोच्या बाकीच्या तारा शुद्ध पंचमाने लावत खाली गेलं की सगळ्यांत खालची ‘सी’ तार पियानोपेक्षा ६ सेंट उतरते. खर्जातले ६ सेंट सरळ कानाला बोचतात. म्हणून पियानो असेल त्या दिवशी आम्ही पंचम मुद्दाम जरासे आखूड लावतो. शिवाय पियानोचा सूर आघात झाल्या क्षणापासून विरत जातो, गजाचा सूर टिकून राहतो, त्यामुळे उरलेला फरक बराच झाकला जातो. पेटीचा सूर भात्यावर तसाच उभा राहतो, म्हणून तिथे तो जास्त उघडा पडतो. याच वादातून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. मला स्वतःला ती बंदी अन्यायाचीच वाटते. चांगला पेटीवाला कुठली पट्टी कधी सोडून द्यायची ते जाणतो, आणि क्विंटेटमधला चांगला पियानोवादकही तेच करतो.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, चार वर्षं बैठकीत बसून व्हायोलिन शिकते. तिला आता क्वार्टेटमध्ये वाजवायचंय. शिकलेलं सगळं फुकट जाईल का?
(पालक, कुडाळ)

उत्तर : नाही हो. कान तयार आहे, गजावर हात बसला आहे, हीच मोठी कमाई. बदलेल ते असं : तारा सा-प-सा-प अशा न लावता जी-डी-ए-ई अशा लावायच्या, खुर्चीत बसून वाद्य हनुवटीखाली धरायचं आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेले स्वर, वाचायचं. नोटेशनला वेळ लागतो, पण रोज दहा ओळी वाचल्या तर सुटतं. कुडाळहून गोवा जवळ आहे. तिथे चर्चच्या शाळांतून हे शिक्षण पोर्तुगीज काळापासून चालत आलंय आणि शिकवणारे आजही मिळतात. गुरुजींकडचं शिक्षण मात्र सोडू नका. आणि हात लांब असतील तर तिला व्हायोला दाखवा. व्हायोलावाले सगळीकडे कमी असतात, तिला बसायला खुर्ची लगेच मिळेल.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना अशी मैफल इथे करायची आहे. थिबा राजवाड्याच्या आवारात रागसंगीताचा महोत्सव होतो, तशी उघड्यावर करता येईल का? पियानोचं कसं करावं?
(रत्नागिरी)

उत्तर : दादा, कराच. पण उघड्यावर नको. भिंतीच नसतील तर माईकशिवाय व्हायोला तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही, आणि रात्रीचं दव वाद्यांवर बसतं. गजाचे केस दमटपणाने सैल पडतात, लाकूड फुगलं की खुंट्या अडकतात, सांधे उकलतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. बाहेरून वाद्य घेऊन येणारा माणूस पावसाळ्यात आपल्याकडे आला तर त्याचा जीव वाद्यात अडकून राहतो.

मैफलीचा मोठा पियानो ५०० किलोच्या आसपास जातो. दोनशेवर तारा, आणि त्यांचा एकूण ताण १५ ते २० टनांच्या घरात. ट्रकमधून घाट उतरून आलेला पियानो त्याच दिवशी लावून उपयोग नाही. तो सभागृहात निदान एक दिवस मुरू द्या, मैफलीच्या दिवशी सकाळी ट्यूनरला बसवा आणि मध्यंतरात पुन्हा एकदा बघायला सांगा. हा खर्च झेपत नसेल तर इलेक्ट्रॉनिक पियानो आणू नका. त्याचा आवाज स्पीकरमधून येतो आणि चौघांत मिसळत नाही. पहिल्या वर्षी फक्त क्वार्टेट बोलवा. त्यांना लागतात बिनहाताच्या चार खुर्च्या, चार स्टँड आणि कागदावर पडणारा नीट उजेड. पंखे वाजवण्याच्या वेळी बंद ठेवावे लागतील, एक तर कागद उडतात आणि दुसरं, त्यांच्या घरघरीत हळू जागा बुडतात. म्हणून कार्यक्रम सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवा. कापडाचे चिमटे मात्र जवळ असू द्यात, समुद्रावरचा वारा खिडकीतून येतोच.

जांभ्याच्या भिंतींची, कौलारू छपराची एखादी जुनी खोली शाळेत असेल आणि तीत शंभरेक माणसं मावत असतील, तर मोठ्या नाट्यगृहाआधी ती बघा. तारीख पक्की करण्यापूर्वी मला कळवा. सावंतवाडीहून सकाळच्या गाडीने येते, व्हायोला घेऊनच. रिकाम्या खोलीत वाजवून बघू आणि खुर्च्या कुठे मांडायच्या ते तिथेच ठरवू.