माद्रिदला येण्याआधी लेकीच्या स्पॅनिश वाचनाबद्दल

तुम्ही विचारलंत, ऑगस्टमध्ये पुण्याहून माद्रिदला यायचंय, लेक सात वर्षांची, इंग्रजी भराभर वाचते, स्पॅनिशचा गंध नाही. तर वाचनाची तयारी घरी कशी करून घ्यायची? माझा मुलगाही साधारण याच वयात इथल्या सरकारी शाळेत गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्पॅनिश वाचन इंग्रजीवरून शिकवू नका, मराठीवरून शिकवा. लिपी तीच असल्यामुळे मूल बघताक्षणी इंग्रजी वाचतं. ओ-एन-सी-ई ही चार अक्षरं दिसली की तोंडून 'वन्स'च येणार. इथे ते 'ओन्थे', म्हणजे अकरा. यावर आपली बाराखडी फार कामाला येते. स्पॅनिशमध्ये स्वरांचे उच्चार पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते शब्दागणिक बदलत नाहीत. इथल्या मुलांच्या जुन्या अंकलिपीतही मा, मे, मि, मो, मु असंच असतं आणि त्यातूनच 'मि मामा मे मिमा', म्हणजे आई माझे लाड करते, हे वाक्य जमतं. रोज एका व्यंजनाची एक ओळ वहीत लिहा, वर रोमन, खाली देवनागरी. चार-पाच दिवसांनी खालची ओळ झाकून वाचून घ्या. टीला ट नाही, त म्हणायचं, डीला द. म्हणजे टोमॅटो नव्हे, 'तोमाते'. हे उच्चार आपल्या मुलांच्या जिभेवर आधीच असतात.

वाकडी वळणं थोडीच आहेत. एच मुका. बी आणि व्ही दोन्ही ब. जेचा उच्चार घशातून, 'ख़'सारखा. सी एरवी क, पण पुढे ई किंवा आय आलं की माद्रिदमध्ये जीभ दातांत धरून थ. मेक्सिकोची कार्टून बघत असेल तर तिथे पाचला 'सिंको' ऐकेल आणि वर्गात 'थिंको'. दोन्ही बरोबर, हे तिला आधीच सांगून ठेवा.

एका गोष्टीची मात्र मला खरंच काळजी वाटते. अशा पद्धतीने मूल फार लवकर खडाखडा वाचायला लागतं आणि आपण निर्धास्त होतो. अर्थ मात्र काहीच कळलेला नसतो. त्यामुळे निघेपर्यंत वाचनापेक्षा ऐकण्यावर जास्त वेळ घाला. चित्रांची पुस्तकं, गाणी, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं. पान वाचून झालं की भाषांतर विचारू नका, चित्रात बोट ठेवून दाखवायला सांगा. इंग्रजी वाचन बंद करू नका. ते आयतं आलेलं आहे, आणि द्विभाषिक शाळा मिळाली तर तिथे उपयोगी पडेल. पण तिथेही गणित स्पॅनिशमध्येच असतं, तेव्हा गणितातले शाब्दिक प्रश्न घरी मोठ्याने वाचून घ्या.

इयत्ता जन्मवर्षावरून ठरते: ज्या वर्षी सहा पूर्ण होतात, त्या सप्टेंबरात पहिली. म्हणजे तुमच्या लेकीच्या वर्गातली मुलं आधीच वाचत असतील. शिवाय इथे बऱ्याच शाळांत लहान मुलं अक्षरं एकमेकांना जोडून, म्हणजे कर्सिव्ह वळणाने लिहितात, सुरुवातीची पुस्तकंही तशीच छापलेली असतात. छापील अक्षरांची सवय असलेलं मूल त्या पानापुढे अडतं. शाळा ठरली की शिक्षिकेला विचारा, वर्गात कुठलं वळण चालतं आणि श्रुतलेखन कोणत्या वारी असतं. श्रुतलेखनाला आदल्या दिवशी एच आणि बी-व्हीचे शब्द तेवढे पाठ करून घ्या. कानाला त्यांतला फरक कळत नाही.