लेझर की तार? मूत्राशयातली गाठ काढताना

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. लघवीतून रक्त गेलं म्हणून तपासणी केली, तर मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर २ सें.मी.ची गाठ निघाली. एक डॉक्टर टीयूआरबीटी (दुर्बिणीतून गाठ तासून काढणं) सुचवतात, दुसरे म्हणतात लेझरने अख्खी काढू. खर्चात बराच फरक आहे. काय निवडावं?

उत्तर : पोटावर चीर दोन्हींत नाही, दुर्बीण लघवीच्या वाटेनेच आत जाते. नेहमीच्या टीयूआरबीटीत तारेच्या वेटोळ्यात वीज सोडून गाठ थराथराने तासतात आणि शेवटी बुडाचा तुकडा वेगळा घेतात. अख्खी काढताना भोवती ५ ते १० मि.मी. निरोगी अस्तर धरून आधी गोल खूण करतात, तिथून स्नायूपर्यंत उतरतात आणि गाठ बुडासकट उचलतात. हे तारेनेही जमतं. लेझर हे हत्यार आहे, पद्धत नव्हे. नुसत्या 'लेझर' शब्दाला जास्त पैसे मोजू नका.

अख्ख्या तुकड्याचा फायदा पॅथॉलॉजिस्टला. तासलेले तुकडे उलटसुलट पडतात, कडा जळतात, मग गाठ किती खोल गेली ते नीट कळत नाही. हाँगकाँगमधल्या चाचणीत (३ सें.मी.पर्यंतच्या गाठी) वर्षभरात गाठ परतण्याचं प्रमाण तासलेल्यांत ३८ टक्के, अख्ख्या काढलेल्यांत २९ टक्के होतं. ३ सें.मी.हून मोठी गाठ दुर्बिणीच्या नळीतून सहसा अख्खी बाहेर येत नाही.

तुमच्या वडिलांची गाठ बाजूच्या भिंतीवर आहे, हे महत्त्वाचं. त्या भिंतीपलीकडून मांडीची ऑब्च्युरेटर नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते. विजेचा झटका तिला लागला की मांडी एकदम आत ओढली जाते, आणि नेमकी तेव्हा तार भिंतीत असेल तर मूत्राशयाला भोक पडतं. नुसती कमरेतली भूल हे थांबवत नाही. पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करावे लागतात किंवा त्या नसेला वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं. लेझरमधून वीज वाहत नाही, म्हणून इथे त्याचा खरा उपयोग. तार वापरणार असतील तर 'नसेचं काय करणार?' हे आधी विचारा.

भोक पडलं नसेल आणि रक्तस्राव फार नसेल, तर शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मायटोमायसिन हे कर्करोगाचं औषध (बहुधा ४० मि.ग्रॅ.) एकदा मूत्राशयात सोडतात. रिपोर्टमध्ये 'डिट्रुसर मसल' (मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू) दिसला का ते पाहा. दिसला नसेल (अगदी सौम्य, वरवरची गाठ सोडून) किंवा टी१ (गाठ अस्तराखालच्या थरात शिरलेली, स्नायूत नाही) लिहिलं असेल, तर २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडावी लागते. पद्धत कोणतीही असो, तिसऱ्या महिन्याची सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी) चुकवू नका. विडी-सिगारेट असेल तर आजच बंद.