'पेंग्विन' नावाचा मूळ धनी

प्रश्न असा आला आहे : 'पेंग्विन'ला चांगला मराठी प्रतिशब्द कोणता, 'हिमपक्षी' चालेल का, आणि हा शब्द लॅटिनमधल्या 'लठ्ठ' अर्थाच्या शब्दावरून आला हे खरं का?

'हिमपक्षी' अजिबात चालणार नाही. राणीच्या बागेत ज्यांना बघायला रांगा लागतात ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही, थंड सागरी प्रवाह आहे. गालापागोसचे पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतात. तेव्हा सरळ 'पेंग्विन' लिहा. पेंग्विनशेजारी पांढरं अस्वल काढणाऱ्या चित्रकारांनाही कुणीतरी आवरा. एक दक्षिणेचा, दुसरा उत्तरेचा, त्यांची गाठ पडायची ती चित्रातच.

पण उत्तरेतही पेंग्विन होते, आणि नावाचे मूळ धनी तेच. उत्तर अटलांटिकच्या खडकाळ बेटांवर वीण करणारा, पाऊण मीटरहून उंच, सुमारे 5 किलोचा, न उडणारा काळापांढरा पक्षी. इंग्रजीत पुढे त्याला 'ग्रेट ऑक' म्हणू लागले, पण शास्त्रीय नाव अजून 'पिंग्विनस इम्पेनिस'च आहे. दक्षिणेत गेलेल्या खलाशांना तसाच ताठ उभा राहणारा पक्षी दिसला आणि त्यांनी ओळखीचं नाव त्याला चिकटवलं. रक्ताचं नातं काही नाही : ऑक कुरवांच्या गणातले, दक्षिणेचे पेंग्विन अल्बाट्रॉसच्या जवळचे. फ्रेंचांनी हा घोळ केला नाही. त्यांच्याकडे 'पँग्वँ' म्हणजे आजही ऑकच. दक्षिणेच्या पक्ष्याला ते 'मांशो' म्हणतात, म्हणजे थोटा.

आता व्युत्पत्ती. लॅटिन 'पिंग्विस', म्हणजे लठ्ठ, हे मूळ सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. पक्षी चरबीदार होता हे खरंच. पण हा शब्द कॉड मासे पकडणाऱ्या खलाशांचा. ते समुद्रावर लॅटिन झाडत नव्हते. शिवाय जुन्या इंग्रजी नोंदींत पहिला स्वर बहुधा 'ए' आहे, 'इ' नव्हे. ही व्युत्पत्ती मला अभ्यासिकेत बसून मागाहून जुळवलेली वाटते.

माझा कौल वेल्श भाषेला. 'पेन' म्हणजे डोकं, 'ग्विन' म्हणजे पांढरं. यावर ठरलेला आक्षेप असा, की पक्ष्याचं डोकं तर काळं! समर्थक मग डोळा आणि चोच यांच्यामधला पांढरा ठिपका पुढे करतात. तो विणीच्या काळात ठळक असायचा, पण तेवढ्यावरून अख्खं डोकं पांढरं म्हणायचं म्हणजे फारच ओढाताण. त्यापेक्षा हे बघा : वेल्शमध्ये 'पेन'चा अर्थ जमिनीचं टोक असाही होतो, आपण 'भूशिर' म्हणतो अगदी तसाच. हजारो पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरं पडलेलं भूशिर ते 'पेन ग्विन', आणि तिथला पक्षी तो पेंग्विन. कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्याजवळ 'पेंग्विन' नावाचं बेट असल्याचा उल्लेख 16व्या शतकातल्या इंग्रजी पत्रात आहेच. नाव आधी जागेचं, मग पक्ष्याचं.

वेल्श म्हटलं की लगेच राजपुत्र मॅडॉकची आठवण काढून हसणारेही आहेत. 1583 साली जॉर्ज पेकहॅम या इंग्रजाने हाच शब्द पुरावा म्हणून वापरला : मॅडॉक वेल्समधून कोलंबसाच्या आधी अमेरिकेत पोचला, सबब अमेरिकेवर हक्क इंग्लंडच्या राणीचा. दावा भाकड आहे. पण भाकड दाव्यात वापरला गेला म्हणून शब्दाचा उगम खोटा ठरत नाही, एवढं तर्कशास्त्र कोशकारांना यायला हवं. राहिला लेखी पुरावा. दोन्ही पक्ष्यांच्या जुन्या इंग्रजी नोंदी 1570 च्या दशकातल्या, त्यामुळे 'दक्षिणेचा पक्षी आधी' असंही कुणी म्हणतं. पण युरोपातले मच्छीमार न्यूफाउंडलंडला 16व्या शतकाच्या सुरुवातीपासूनच जात होते. ज्या पक्ष्याला पिढ्यान् पिढ्या खाल्लं त्याला त्यांनी नावच दिलं नसेल?

आणि खाल्लं तरी किती! 1534 मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या फंक बेटावर फ्रेंच दर्यावर्दी कार्तियेच्या माणसांनी अर्ध्या तासाच्या आत दोन होड्या भरल्या. पाण्याखाली हा पक्षी पटाईत, कारण पंख जेमतेम 15 सेंटिमीटरचे, वल्ह्यासारखे. पाय मात्र फार मागे, त्यामुळे जमिनीवर फेंगडी चाल; फळी टाकून कळप थेट होडीत हाकता येई. 18व्या शतकात गाद्याउशांसाठी पिसांचा धंदा सुरू झाला. बेटावर लाकूड नाही. मग पिसं सुटावीत म्हणून पक्षी कढत पाण्यात बुडवायचे आणि कढईखाली जाळ पेटवायचा तोही पक्ष्यांचाच, चरबी भरपूर असल्याने ते पेटत. 1800 च्या सुमारास फंक बेट रिकामं झालं. कुजलेल्या सांगाड्यांची तिथे माती झाली आणि त्या मातीत आता पफिन हे छोटे समुद्रपक्षी बिळं करतात.

एवढी कत्तल भरून निघणं शक्य नव्हतं. जोडीचं वर्षाला एकच अंडं, तेही उघड्या खडकावर, आणि उबवायला सुमारे सहा आठवडे. आइसलँडजवळचं गेयरफुग्लास्केर हे चढायला अवघड बेट 1830 च्या ज्वालामुखीत बुडालं, उरलेले पक्षी जवळच्या एल्डे बेटावर आले. तोवर दुर्मिळ म्हणून संग्रहालयांना आणि हौशी संग्राहकांना त्यांची कातडी हवी झाली होती. 3 जून 1844 रोजी एल्डेवरची शेवटची जोडी तीन माणसांनी मारली, अंडं फुटलं. पक्षी आधीच ओसरत चालला होता, माणूस निमित्तमात्र, अशी समजूत सांगतात. 2019 मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएच्या अभ्यासातून वेगळंच दिसलं : शिकार जोरात सुरू होण्याआधी घसरणीची खूण नव्हती, जनुकीय विविधता चांगली होती. संपवायला शिकार एकटी पुरेशी होती.

लिहिताना : तो पेंग्विन, ते पेंग्विन. विभक्ती लावताना पेंग्विनांना, पेंग्विनांची; 'पेंग्विन्सना' नको, त्यात अनेकवचन दोनदा होतं. उत्तरेच्या पक्ष्याबद्दल लिहायचं असेल तर 'ग्रेट ऑक' म्हणा, नाहीतर वाचक पुन्हा राणीच्या बागेत जाईल.