क्लच स्लिप होतोय की नाही, गिअरबॉक्स उतरवण्याआधी ओळखा

अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढतो पण वेग तेवढा वाढत नाही, ही मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा क्लच स्लिपची, म्हणजे क्लच घसरून इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण न पोहोचण्याची, खूण. गिअर सटकून न्यूट्रलला येत असेल तर तो आजार वेगळा. तिथे क्लच बदलून पैसे वाया जातील.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा एकदम उडाला आणि गाडी मागे रेंगाळली, तर स्लिप पक्की. जळका वास आला की चाचणी लगेच थांबवा, उष्णतेने क्लच प्लेट आणखी खराब होते.

प्लेट झिजली असं लगेच धरू नका. आधी पेडल हाताने दाबून फ्री प्ले बघा. सुरुवातीला थोडं सैल हवंच. किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. केबलच्या गाडीत ते उरलं नसेल तर प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) पूर्ण आवळत नाही, आणि नुसता अ‍ॅडजस्टिंग नट फिरवूनही काम होऊ शकतं. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली बोट फिरवा. तेलकट लागलं तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील किंवा इनपुट शाफ्टचं (गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील गळत असेल. ते तसंच ठेवून नवी प्लेट बसवली, तर तीही तेल पिऊन घसरणार.

गिअरबॉक्स उतरलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) एकत्रच बदला. मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या चकतीवर) निळे डाग किंवा भेगा आहेत का, तेही स्वतः बघा.