लॅग मारतोय? आधी मोजा, मग पैसे घाला

गेल्या महिन्यात आपण कन्सोलवर ऑनलाइन खेळणाऱ्यांना त्यांचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच, ऐन मॅचमध्ये लॅग मारतो, म्हणजे बटण दाबलं तरी हालचाल उशिरा होते. त्यातली निवडक पत्रं घेतलीत, काही जरा कापलीत.

धनकवडी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा वाचक: दादा, माझ्याकडे पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोल आहे. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा होता तो ३०० चा केला, स्पीड टेस्टला बरोबर ३०० येतात, तरी रात्री आठ-साडेआठ झाले की फुटबॉलच्या मॅचमध्ये पास दिला की अर्ध्या सेकंदाने जातो. आता ५०० चा घेऊ का?

नको घेऊ रे. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट डेटा येऊ शकतो ते, म्हणजे नळ किती जाड आहे ते, आणि नळ जाड केला म्हणून खडकवासल्याचं पाणी धनकवडीला लवकर पोचत नाही. गेमला पाणी लागतंच थोडं, बहुतेक गेम खेळताना एक-दोन एमबीपीएसमध्ये आरामात चालतात, ३०० लागतात ते गेम डाउनलोड करताना. खेळताना महत्त्वाचा असतो पिंग, म्हणजे तू बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरला, म्हणजे मॅच जिथे चालते त्या कॉम्प्युटरला, जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पिंग एकसारखा राहतो का. कायम ६० असला तर हाताला सवय होते, पण आत्ता २० मग १८० मग ३० असं चालू झालं की कोणीही खेळू शकत नाही. या उड्या मारण्याला जिटर म्हणतात.

तू वेळ लिहिलीस ते फार चांगलं केलंस, रात्री आठ-साडेआठ. माझ्या भाच्याकडे, कर्वेनगरला, अगदी हेच होत होतं. रोज सातपर्यंत सगळं छान आणि साडेसातला लॅग सुरू, तो म्हणायचा कंपनीवालेच संध्याकाळी नेट कमी करतात. मी एक दिवस त्याच्या शेजारी बसलो, फोनवर पिंग बघत. २२, २४, २३ असं चाललेलं, तेवढ्यात दार वाजलं, माझी बहीण ऑफिसातून आली, पर्स टेबलावर ठेवली, आणि मिनिटाभरात आकडा ३४०. तिच्या फोनने वायफाय पकडलं की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायला लागायचे. प्लॅन होता ४० चा आणि फोन सगळा अपलोड एकटाच खायचा. बॅकअप रात्री उशिरा चालू करायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून भाच्याची तक्रार संपली. एक रुपया खर्च न करता.

हे का होतं ते सांगतो कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. किराणा दुकानात पुढच्या माणसाची यादी महिन्याची आहे आणि तुला फक्त काडेपेटी हवीये, तरी तू रांगेतच. राउटरमध्ये तसंच होतं, फोटोंचे मोठे गठ्ठे रांगेत उभे राहतात आणि गेमचं इवलंसं पॅकेट, म्हणजे डेटाची पुडी, त्यांच्या मागे. राउटर बनवणाऱ्यांनी काहीही हरवू नये म्हणून ही रांग उगाच लांबलचक ठेवलेली असते, याला बफरब्लोट म्हणतात. यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची युक्ती मांडली, रांगेत कोण किती वेळ उभं आहे ते बघायचं आणि वेळ फार झाला की गठ्ठेवाल्याला हळू यायला लावायचं. तुझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (रांग आवरायची सोय) असं काही दिसलं तर ते चालू कर आणि अपलोड-डाउनलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्के टाक. थोडा स्पीड जाईल पण रांग राउटरच्या ताब्यात राहील.

आता मोजायचं कसं. फोनवर पिंगचं कुठलंही फुकट ॲप घे. आधी स्वतःच्या राउटरला पिंग कर, पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेला असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. इथे २-५ मिलिसेकंद यायला हवेत. इथेच आकडा नाचत असेल तर दोष घरातल्या वायफायचा, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत स्थिर आणि मग १.१.१.१ ला (हा क्लाउडफ्लेअर कंपनीचा, बाहेरच्या नेटवरचा पत्ता) पिंग केल्यावर नाचतोय, आणि घरातले बाकी सगळे फोन-टीव्ही बंद ठेवूनही नाचतोय, तर तो बाहेरचा दोष, तेव्हा स्क्रीनशॉट काढून वेळेसकट तक्रार कर. आणि घरचे ऑनलाइन आले की मगच नाचतो तर वरची रांग. हे तीन आकडे, म्हणजे राउटरचा, घरचे बंद असताना १.१.१.१ चा आणि घरचे ऑनलाइन असताना १.१.१.१ चा, तुझ्या हातात नाहीत तोपर्यंत प्लॅन वाढवू नकोस, कारण ५०० च्या प्लॅनवर पण हेच होणारे.

सदाशिव पेठ: आमचा जुना वाडा, राउटर पुढच्या खोलीत आणि माझा पीएस४ आतल्या खोलीत, मध्ये दोन फूट जाडीची भिंत. वायफायचे दोनच दांडे दिसतात. रिपीटर घेऊ का?

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा, घेऊ नकोस, राउटरपासून पीएस४ पर्यंत वायर टाक. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं, बातम्या बघायला ठीक आहे पण गेमला नाही. तुझा पीएस४ कुठला ते बघ, २०१३ च्या मूळ मॉडेलला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालतं, ५ वालं २०१६ च्या स्लिम आणि प्रो मध्ये आलं. आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यात आजूबाजूच्या बिल्डिंगमधली वीस-पंचवीस वायफाय, वर कोणी मायक्रोवेव्ह लावला तर तोही त्याच पट्ट्यात. आणि ५ वालं जरी असतं तरी दगड-मातीच्या दोन फुटी भिंतीतून ते २.४ पेक्षाही कमी जातं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली तुला चालत दहा मिनिटांवर आहे. कॅट ६ ची (नेटची) वायर लागेल त्यापेक्षा दोन-तीन मीटर जास्तच घे, दोन्ही टोकांना कनेक्टर तिथेच क्रिम्प करून मिळतात, आणि दुकानातच टेस्टर लावून आठही दिवे लागतात का ते बघूनच पैसे दे. हे मी आग्रहाने सांगतोय कारण आठपैकी चारच तारा नीट बसल्या तरी नेट चालतं, फक्त १०० एमबीपीएसवर अडकतं, आणि एखादी तार हलती राहिली तर मध्येच कनेक्शन तुटतं आणि महिनाभर कळत नाही का तुटतंय. कॅट ५ई घेतली तरी १०० मीटरपर्यंत गिगाबिट (१००० एमबीपीएस) जातं त्यामुळे कॅट ६ हून महागाची गरजच नाही. भिंत फोडायची नसेल तर खिडकीच्या चौकटीतून किंवा दाराच्या वरून घे आणि केसिंग पट्टीत घाल. वाड्यात पट्टी हवीच, उंदीर वायर सोडत नाहीत.

हडपसर: शूटिंग गेममध्ये मी पळत भिंतीच्या आड पोचतो, स्क्रीनवर मला दिसतं की मी आड आहे, तरी मरतो. समोरचा हॅक वापरतोय ना?

बहुतेक वेळा नाही. समोरच्याने गोळी मारली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तू अजून उघड्यावर होतास. तुझी हालचाल त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून सर्व्हर निकाल देताना घड्याळ थोडं मागे नेतो आणि बघतो की गोळी सुटली त्या क्षणी मारणाऱ्याला काय दिसत होतं. व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीच्या यान बर्नियर यांनी ही पद्धत २००१ मध्ये नीट लिहून मांडली होती आणि आज ती कितीतरी गेममध्ये आहे. ती नसती तर प्रत्येकाला समोरच्याच्या दोन पावलं पुढे नेम धरायला लागला असता. याचा अर्थ असा पण होतो की तुझा किंवा त्याचा पिंग जेवढा जास्त तेवढं ‘भिंतीआड मरणं’ जास्त. तेव्हा कोणाला चीटर म्हणून शिव्या घालायच्या आधी दोघांचा पिंग बघ, बऱ्याच गेममध्ये स्कोअरबोर्डवर किंवा सेटिंगमधून तो दाखवता येतो. समोरचा पोरगा तुझ्यासारखाच असतो, त्याच्याकडे पण नेट खराब असतं.

वाकड: आयटीमध्ये आहे, फायटिंग गेम खेळतो. बेंगळुरूच्या मित्राशी मस्त चालतं, जर्मनीतल्या कलीगशी मात्र खेळताच येत नाही. फायबर आहे, लॅनची वायर आहे, सगळं केलं. अजून काय करू?

तुम्ही सगळं बरोबर केलंय, राहिलंय ते अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर २०० किलोमीटरला एक मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दुप्पट. पुणे-मुंबई यात काहीच नाही. पण सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत जवळपास ४ हजार किलोमीटर, म्हणजे कितीही भारी नेट घ्या, ४० च्या खाली पिंग येणं शक्यच नाही, आणि केबल समुद्रातून वळणं घेत जाते त्यामुळे हातात ६०-७० येतात. युरोपला सव्वाशे-दीडशे धरून चाला. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा इकडून युरोपकडे जाणारा बराच ट्रॅफिक लांबच्या रस्त्याने वळवायला लागला, अशा वेळी घरात बसून तुम्ही काहीच करू शकत नाही.

तुमच्या गेममध्ये फरक पाडणारी दुसरी गोष्ट म्हणजे नेटकोड, म्हणजे दोघांचा गेम नेटवरून जुळवून ठेवायची पद्धत. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांची. जुन्या पद्धतीत समोरच्याचं बटण पोचेपर्यंत गेम तुमचंही बटण थांबवून ठेवतो, दीडशेच्या पिंगला ते चार-पाच फ्रेम होतात आणि हात चिखलात घातल्यासारखा वाटतो. रोलबॅक पद्धतीत गेम थांबत नाही, समोरचा काय दाबेल याचा अंदाज धरून पुढे जातो आणि चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये जीजीपीओ नावाचं रोलबॅकचं सॉफ्टवेअर काढलं तिथून हे रुजलं, आणि स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ मध्ये तुम्हाला रोलबॅकच मिळतं. तरी दीडशेला समोरचा मधूनच जागा बदलल्यासारखा दिसणारच. कलीगशी मजेत खेळा, रँकच्या मॅच मात्र जवळच्यांशी खेळा, आणि मॅचमेकिंगमध्ये (गेम प्रतिस्पर्धी शोधतो तिथे) पिंगची किंवा प्रदेशाची मर्यादा घालता येत असेल तर घालाच. स्ट्रीट फायटर ६ मध्ये समोरचा वायफायवर आहे की वायरवर ते आधीच दिसतं, मी वायफायवाल्याला शक्यतो टाळतो.

इथे एक मनातलं बोलतो. ॲमेझॉनचं क्लाउड रीजन, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं केंद्र, मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं तर पुण्यातच २०१५ पासून आहे, म्हणजे सर्व्हर ठेवायला जागा आपल्या दारात आहे. तरीही कितीतरी गेम आपल्याला सिंगापूरला नाहीतर आखाताकडे पाठवतात. हे मला मनापासून खटकतं. गेम विकत घ्यायच्या आधी त्याचे सर्व्हर भारतात आहेत का हे विचारत चला, आणि नसतील तर कंपनीला लिहा.

वारजे, एक आई: मुलगा दहावीत आहे. लॅग आहे म्हणून ओरडत असतो, आता पंधरा हजारांचा गेमिंग राउटर मागतोय. आणि जेवायला हाक मारली की ‘दोन मिनिटं’ म्हणून वीस मिनिटं उठत नाही. राउटर घ्यावा का?

ताई, लगेच घेऊ नका. आधी त्याला एक साधी परीक्षा करायला सांगा, नेट बंद करून एकट्याने खेळायचा एखादा गेम लावायचा. त्यातही बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होत असेल तर नेटचा संबंधच नाही, तुमचा टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतोय. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, हालचाल गुळगुळीत करणारे पर्याय बंद करा. जुन्या टीव्हींवर याने इतका फरक पडतो की दुसराच टीव्ही आणल्यासारखा वाटतो. ते करूनही ऑनलाइनच त्रास होत असेल तर वर धनकवडीच्या मुलाला सांगितलेले तीन आकडे त्याच्याकडून वहीत लिहून घ्या, आठवडाभर, वेळेसकट. तीन-चारशे रुपयांच्या वायरने काम होईल अशी माझी खात्री आहे.

आणि त्या दोन मिनिटांबद्दल. ऑनलाइन मॅच मध्ये थांबवता येत नाही हे खरं आहे, तो उठला तर त्याच्या टीममधली बाकीची मुलं एक माणूस कमी घेऊन खेळतात, आणि रँकच्या मॅचमधून सारखं उठलं तर बरेच गेम खेळाडूला काही वेळ खेळूच देत नाहीत. त्यामुळे हाक मारताना ‘आत्ताच्या आत्ता’ ऐवजी ‘ही मॅच संपली की पुढची लावायची नाही’ असं ठरवून बघा. मॅच किती मिनिटांची ते त्याला विचारा, तो खरं सांगेल.

कात्रज: पीएस५ वर नॅट टाइप ३ दाखवतो, मित्रांचा आवाज येत नाही. आणि दर गुरुवारी लाईट गेली की सगळंच बंद.

नॅट म्हणजे राउटर घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच पत्त्यामागे ठेवतो ती सोय, आणि टाइप ३ म्हणजे बाहेरच्याला तुझ्या कन्सोलपर्यंत थेट पोचता येत नाहीये. पहिल्यांदा राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलसाठी वाट आपोआप उघडणारी सेटिंग) चालू आहे का बघ. फायबरवाल्याचा डबा आणि त्याला जोडलेला तुझा स्वतःचा राउटर असे दोन असतील तर एकाला ब्रिज मोडवर (फक्त नेट पुढे देणारा) टाक, दोन-दोन नॅट एकमेकांच्या आड येतात. मग राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघ, तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर कंपनीने तुझ्यासारख्या अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवलंय, याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्यावर घरून इलाज नाही, पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुझा पत्ता, मागून घ्यावा लागतो, बरेच जण त्याचे थोडे पैसे लावतात. डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून हे जात नाही, मॅचमधला पिंगपण कमी होत नाही, तो सल्ला कोणी दिला तर सोडून दे.

गुरुवारसाठी राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही चालतील असा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळतात का ते बघून घे. टीव्ही-कन्सोल इन्व्हर्टरवर असेल तरच त्याचा उपयोग. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली फायबरवाल्याची पेटी असेल तर तिला बॅकअप आहे का ते आधी विचार, तिचीच लाईट गेली तर वर घरात राउटर चालू असून नेट येणार नाही.